किमान तीन मनुष्याकृती

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
९ जानेवारी २००६

चि. सौ. शांभवीस,

अप्पांचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडीत अव्वाचा गुडघा धरतो, पण डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती करत नाही आणि नवऱ्याने सांगितलेला तर मुळीच नाही. आमच्या जावयांना, सोमशेखरांना नमस्कार सांग. तिकडे बर्फ पडल्याचं टीव्हीवर दाखवलं, तुमच्या हारलेम गावाचं नाव मात्र घेतलं नाही.

तुझं चित्राचं पोस्टकार्ड मिळालं. पत्ता माझ्या नावाचा, अक्षर तुझं, आणि मजकुराच्या जागी काहीच नाही. अव्वाला वाटलं, वाटेत शाई उडाली. मी म्हटलं, पत्त्याची बरी उडाली नाही. असो. दर रविवारी तू फोन करतेस, मी उचलतो, तू म्हणतेस, "अव्वाला द्या." लग्न होऊन तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली, आणि आपलं बोलणं एवढंच आहे. त्या मानाने कोरं कार्ड म्हणजे लांबलचक पत्र झालं. म्हणून उत्तर लिहायला घेतलं.

चित्राबद्दल लिहितो. तेवढं मला येतं.

तुमच्या गावातल्या चर्चचं आतलं दृश्य, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, एवढं मला मागच्या बारीक छपाईवरून कळलं. कार्डावर ट्रेसिंग पेपर टाकला, पट्टी लावली. क्षितिजरेषा फार खाली धरली आहे, फरशीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांइतकी. ते बरोबर. पण सगळ्या रेषा जिथे जाऊन मिळतात तो बिंदू त्याने मधोमध न ठेवता डावीकडच्या खांबाआड दडवला आहे. शिवाय एका जागी उभं राहून मान न वळवता एवढी रुंदी डोळ्यांत मावत नाही. म्हणजे गड्याने दोन-तीन ठिकाणी उभं राहून बघितलं आणि एका कागदात बसवलं. ही लबाडी आहे. सांधा कुठे आहे ते शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, तेव्हा लबाडी कसबी माणसाची आहे हेही लिहितो.

उजेडाचं मात्र कोडं सुटलेलं नाही. खिडक्या उंच, काचा बिनरंगी, आणि उन्हाचा एकही पट्टा जमिनीवर नाही. तरी कानाकोपऱ्यापर्यंत सगळं दिसतं. आम्ही वर्गात शिकवायचो की आधी दिवा कुठे आहे ते ठरवा, मग सावली टाका. इथे दिवा नाही आणि सावलीला काठ नाही. पांढरा रंग भिंगातून बघितला तर तो कुठेच पांढरा नाही. पिवळट आहे, करडा आहे, खांबाच्या पोटाला किंचित गुलाबी, आणि कमानीखाली चुन्यात नीळ जास्त पडल्यासारखा.

चुन्यावरून आठवलं. ऑगस्टात पंचगंगेचं पाणी घरात कमरेपर्यंत आलं ते तुला अव्वाने सांगितलंच असेल. भिंतीत ओल चढून वरचे सगळे फोटो ओले झाले. ते उतरवून इकबालकडे फ्रेमा बदलायला दिले. तो अजून देतोय. त्याचं स्वतःचंच दुकान आठ दिवस पाण्यात होतं. दिवाळीनंतर घराला चुना दिला. पुढच्या सोप्यात भिंतीला आता एक खिळासुद्धा नाही. सकाळी नऊच्या सुमाराला मी तिथे खुर्ची टाकून बसतो. तुझं कार्ड आल्यापासून जरा जास्त वेळ बसतो.

अव्वा सांगत होती, तू तिथल्या एका चित्रशाळेचा फॉर्म आणलास आणि कपाटात ठेवून दिलास. एकतीस मार्चची मुदत आहे म्हणे, सोबत काढलेली चित्रं द्यावी लागतात. तू तिला म्हणालीस, "मला कुठं येतंय. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला नापास झालेली मी. अप्पाच म्हणाले हुते, गती न्हाय." अव्वाने तुझा आवाज काढून सांगितलं, तिला ते छान जमतं.

त्यावर मी काही लिहीत नाही. फॉर्मचं तुझं तू बघ.

तुझे,
अप्पा


कोल्हापूर
६ फेब्रुवारी २००६

चि. सौ. शांभवीस,

आशीर्वाद. दुसरं कार्ड मिळालं. हेही कोरं. माझं पत्र तुला पोचलं असावं, कारण काल फोनवर "अव्वाला द्या" म्हणायच्या आधी तू थोडी थांबलीस. लाइन खराब असेल तर तसं नव्हे.

हे चित्र घेऊन मी इकबालकडे गेलो. त्याला तू ओळखतेसच; तुझ्या पहिलीच्या पाटीला चौकट त्यानेच बसवून दिली होती. त्याने कार्ड उजेडात धरलं आणि विचारलं, "मास्तर, मशीद हाय काय ही?"

मी म्हटलं, चर्च आहे.

"मग मेरीबाई कुटं हाय? क्रूस कुटं हाय? आपल्या हितल्या चर्चात असत्यात की."

तू अव्वाला फोनवर जे सांगितलंस ते मी त्याला सांगितलं, म्हणजे अव्वाच्याच शब्दांत: आधी तिथे संतांच्या मूर्ती होत्या, भिंतीभर चित्रं होती, मग दुसऱ्या विचाराचे लोक आले, त्यांनी मूर्ती काढल्या आणि चुना मारला. इकबालने मान हलवली. म्हणाला, "म्हंजे आमच्यावानीच की. पर कुत्रं आत कसं काय सोडलं?"

कुत्रं मी बघितलंच नव्हतं. खांबापाशी आहे, पाय वर करून. अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाला जे दिसलं नाही ते फ्रेमवाल्याला दिसलं.

मला दिसला तो खड्डा. फरशी उचकटून बाजूला ठेवली आहे, मातीचा ढीग, फावडं, आणि एक माणूस बाजूला उभा राहून दुसऱ्याशी गप्पा मारतो आहे. देवळातच पुरायचे हे लोक. आपण लिंगायतही पुरणारे, फक्त आपण मेलेल्याला बसवतो आणि हे निजवतात. पण मला धक्का बसला तो खड्ड्याचा नाही. एवढी मोठी गोष्ट चित्रात आहे आणि चित्र तिच्याबद्दल नाही. खड्डा कोपऱ्यात, माणसं बोटाच्या पेराएवढी, आणि बाकी सगळी जागा उंचीला आणि उजेडाला दिलेली. चित्रकाराला माणसं नको होती असं नाही. ती किती छोटी आहेत हे दिसावं म्हणून ती हवी होती.

आपल्या परीक्षेत हे चित्र नापास झालं असतं.

हे वाक्य लिहून मी उठलो, चहा घेतला, परत आलो. खोडणार होतो. खोडत नाही.

स्मरणचित्राचा नियम तुला मी किती वेळा म्हणून दाखवला असेल. किमान तीन मनुष्याकृती, ठळक, पुढच्या भागात. मागे जमल्यास इमारत. बाजार म्हटला की बाजारातली माणसं, पंगत म्हटली की वाढपी आणि जेवणारे. माणूस आधी, भिंत नंतर. हा नियम मूर्खपणाचा नाही. हजारो मुलं परीक्षेला बसतात, निम्मी माणसं टाळायला झाडं काढतात. माणूस काढता येतो का ते बघायला काहीतरी माप लागतंच. हे मी नियमाच्या बाजूने लिहितोय, माझ्या नव्हे.

बाकी बातम्या. तुझ्या चुलतबहिणीला, शिवांजलीला मुलगा झाला, बारशाला आम्ही हातकणंगल्याला जाऊन आलो. तुझी जुनी रंगपेटी तिच्याकडे अजून आहे, तिच्या थोरलीने त्यातला निळा संपवलाय. समोरच्या बाळासोंनी गच्चीवर टाकी बसवली, तिची सावली सकाळी आपल्या सोप्यात येते. मी त्यांना बोलणार आहे.

इकबालला आजोबांच्या फोटोच्या फ्रेमीत पुठ्ठ्याच्या मागे एक जुना कागद सापडला. आजोबांचा तो शेवटचा फोटो, गेल्यावर मखरात बसवून हार घातलेला. कधी कुणी उतरवत नव्हतं तो. पुरानेच उतरवला. इकबालने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुनाचं हाय हे?" मी म्हटलं, असेल कुणाचं तरी. त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि पुढे काही विचारलं नाही. त्याच्या धंद्यात फोटोमागे पुष्कळ काय काय सापडतं.

कागदाबद्दल पुन्हा लिहीन.

तुझे,
अप्पा

ता. क. अव्वा म्हणते, फॉर्म अजून कपाटातच आहे.


कोल्हापूर
८ मार्च २००६

शांभवी,

हे पत्र मी चारदा लिहिलं. पहिल्या तिन्हींत पर्स्पेक्टिव्हबद्दल पुष्कळ होतं.

तिसरं कार्ड आलं. त्याच्या मागे छापलंय की चित्रकाराने चर्चमध्ये बसून रेखाटन केलं सोळाशे छत्तीस साली आणि ते रंगवलं सोळाशे पंचेचाळीसला. नऊ वर्षं तो कागद त्याने जपून ठेवला, मग काढला आणि रंगवायला बसला. हे तू मुद्दाम पाठवलंस की सहज, मला माहीत नाही. आजोबांच्या फोटोमागच्या कागदाबद्दल मी लिहिलं त्यापलीकडे तुला काही माहीत असणं शक्य नाही. म्हणून सांगतो.

एक्क्याण्णव साली तू इंटरमिजिएटला बसलीस. त्या वर्षी मी पेपर तपासायला मुंबईला गेलो होतो, ते तुला आठवत असेल. येताना तुला सॅंडल आणल्या होत्या. आम्हाला आपल्या भागातले गठ्ठे देत नसत. त्या वर्षी तपासणारे कमी आले, गठ्ठे फिरवले. कागदावर नाव नसतं, नुसता क्रमांक. चौथ्या दिवशी दुपारी एक कागद हातात घेतला आणि मला कुरुंदवाडचं मंगल कार्यालय दिसलं. तुझ्या मावशीचं लग्न झालं ते.

विषय होता 'लग्नातील पंगत'. तू पंगत उठून गेल्यावरचं काढलं होतंस. लांबलचक हॉल, रिकामी फरशी, कडेला राहिलेल्या पत्रावळी, आणि अगदी टोकाला तीन बायका, खरकटं काढणाऱ्या, पेराएवढ्या. नियमाला तीन माणसं लागतात म्हणून तीन. बाकी अख्खा कागद तू भिंतीला दिला होतास. वरच्या झरोक्यांतून येणारा उजेड त्या भिंतीवर पसरला होता, आणि त्यासाठी तू पांढरा रंग लावलाच नव्हता, कागद तसाच सोडला होतास. भोवतीने इतका पातळ करडा दिला होतास की कोरा कागद उजळून निघाला होता.

माझ्या शेजारी मुरगूडचे आकाराम सर बसले होते. ते वाकून बघत म्हणाले, "शशिधर सर, कुनीतरी उजेड काढलाय बघा की ह्यात. सत्तर द्या."

मी म्हटलं, नियमात बसत नाही. विषय सोडलाय, आकृती लहान आहेत.

"आवो, नियम ऱ्हाऊ दे. बघा तरी."

मी बघितलं होतं. मी तीस गुण दिले. पस्तीसला पास. एका विषयात गेलं की परीक्षा गेली, हे तुला माहीत आहे आणि तेव्हा मलाही माहीत होतं.

परीक्षार्थी ओळखीचा निघाला तर गठ्ठा परत करायचा असा नियम होता. तो नियम मी पाळला नाही. मी स्वतःला सांगितलं की मुलगी माझी म्हणून सूट द्यायची नाही, इतका मी कडक. हे मी पंधरा वर्षं स्वतःला सांगत आलो आणि बऱ्याच वेळा मला ते पटलंही. पण कडक माणसाने तो कागद गठ्ठ्यात परत ठेवला असता. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून छत्रीबरोबर घरी आणला आणि जिथे कुणी हात लावणार नाही अशा फोटोमागे घातला. चोरून आणला, असं म्हण.

खरं कारण असं. त्या वेळी मला शिकवायला लागून तेवीस वर्षं झाली होती. फळ्यावर खोली काढून दाखवायची, रेषा बिंदूला नेऊन मिळवायच्या, यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. सुट्टीत मी स्वतःसाठी चित्रं काढायचो. घाटाची, देवळाच्या ओवऱ्यांची. त्यात सगळं बरोबर असायचं आणि उजेड नसायचा. का नसायचा ते मला कळत होतं, करता येत नव्हतं. आणि तू ते केलंस, मी न शिकवता, मी शिकवलेलं मोडून, तीन तासांच्या परीक्षेत बसून. मला राग आला. पंधरा वर्षांच्या पोरीचा मला हेवा वाटला. तीस हा आकडा मी त्या रागात लिहिला.

तिथेच थांबलो असतो तरी कमी झालं असतं. निकाल लागला तेव्हा तू रडत नव्हतीस. तू विचारलंस, "अप्पा, काय चुकलं असंल?" आणि मी म्हटलं, तुला गती नाही. हे कुठल्या परीक्षकाने म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं, घरात, चहा पिता पिता. पुढच्या वर्षी पुन्हा बसू का म्हणालीस, मी नको म्हटलं. पुन्हा बसून पास झाली असतीस तर गेल्या वर्षी काय झालं होतं हा प्रश्न आला असता. तू कॉमर्सला गेलीस. रंगपेटी शिवांजलीला दिलीस ते मी दारात उभा राहून बघितलं. लग्नानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते मी तुला चित्रकलेला जाऊ दिलं नाही म्हणून, असं तुला वाटतं. तेवढ्यावर मी स्वस्तात सुटलो होतो.

परवा अव्वाला हे सांगितलं. तिने मेथी निवडायची थांबवली नाही. म्हणाली, "मला काय सांगतायसा? पोरीला सांगा." तेव्हापासून ती ताट वाढते आणि आत जाते. तिचं बरोबर आहे.

हे तुला कळल्यावर तू फोनवर "अव्वाला द्या" म्हणायच्या आधी थांबतेस तेवढंही थांबणार नाहीस, याची मला भीती वाटते. भीती फार दिवस होती, म्हणून तीन पत्रं फाडली. पण फॉर्म कपाटात पडून आहे तो माझ्या त्या एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य खोटं होतं. एकतीस तारखेच्या आत तुला हे कळायला हवं. म्हणून स्पीड पोस्ट करतोय.

सोबत तो कागद आहे. इकबालने दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून चारी कडा बंद करून दिल्या, वर बोट ठेवून बघितलं, हलत नाही. खालच्या कडेला पुराच्या पाण्याचा डाग आहे, फरशीवर आला आहे, भिंतीला लागलेला नाही. उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने तीस लिहिलेत. ते मी खोडायला घेतले होते. इकबालने हात धरला. म्हणाला, "मास्तर, ऱ्हाऊ द्या. कागद फाटंल. आनि खोडून काय हुतंय?"

तसेच ठेवले आहेत. त्यांच्याखाली नवे गुण लिहायचा मोह झाला. लिहिले नाहीत. या चित्राला गुण द्यायचा मला अधिकार नव्हता, आताही नाही. फक्त क्रमांकापुढच्या कोऱ्या जागेत, जिथे नाव लिहायची मनाई असते, तिथे तुझं नाव लिहिलं आहे. माझ्या अक्षरात आहे, चालेल तर ठेव.

तुमच्या त्या चित्रकाराने रेखाटन काढल्यावर नऊ वर्षांनी रंगवलं. तुला पंधरा झाली. फॉर्मबरोबर हे पाठव किंवा नवं काढ किंवा काहीच करू नकोस. पण येत नाही म्हणून नको.

सोप्यात मी फोटो परत लावलेले नाहीत. आजोबांचा तेवढा अव्वाच्या हट्टाने आत देव्हाऱ्याशेजारी लावला. बाळासोंनी टाकी थोडी सरकवली, आता नऊ वाजता उजेड पुरा येतो. काल मी तिथे बसून कागदावर काही करून बघितलं. बरोबर आलं आणि पुन्हा मेलेलं आलं. वय अडुसष्ट, आता ते तसंच राहणार, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी फोन मी उचलणार नाही. अव्वा उचलेल. माझ्याशी बोलायचं असेल तर तिला तसं सांग. नसेल तर तिच्याशी बोल आणि ठेव. मी सोप्यातच बसलेला असेन, तुझा आवाज मला तिथवर ऐकू येत नाही.

त्या कागदावर तेव्हा मी नुसती आद्याक्षरं केली होती, कुणाला कळू नये अशी. आता खाली पूर्ण नाव लिहितो. अप्पा लिहायचं की नाही, ते तू सांगितल्यावर बघेन.

शशिधर गुरुलिंग हिरेमठ
परीक्षक, १९९१